न पेरलेले पीक

आमच्या गावात माझ्या संशोधनाचे वर्णन तीन शब्दांत आटोपते: "ती दगड दाबस." शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या मळ्यात पाहुणा आला आणि थोरली काय करते असे त्याने विचारले, की आबा, म्हणजे माझे वडील, हे तीन शब्द उच्चारतात आणि गप्प बसतात. पाहुण्याचा चेहरा गोंधळला की त्यांचे समाधान होते. मी समोर असले तर ते माझ्याकडे वळतात.

"तीळ दाबा ते तेल निंघस. कापूस दाबा ते गठाण व्हस. दगड दाबीसन तुले काय भेटस वं माय?"

"दगड कसा मोडतो ते कळतं, आबा."

"ते ते घन मारा तरी समजस."

या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर होते, पण ते देण्यासाठी एक फळा आणि ऐकणाऱ्याची बरीच सहनशक्ती लागली असती. वर्णन मात्र चुकीचे नव्हते. जळगावच्या विद्यापीठात मी भौतिकशास्त्रात पीएच.डी. करत होते, पिंप्राळ्यात भाड्याच्या खोलीत राहत होते, आणि स्फटिकांवर दाब दिला की त्यांची आतली रचना कशी बदलते हे क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासत होते.

क्ष-किरणांनी आतले कसे दिसते, हे मला स्वतःला बसच्या खिडकीतून समजले. जळगावहून धुळ्याकडे जाणारी बस पारोळा सोडते, तेव्हा दोन्ही बाजूंना कपाशीची शेते लागतात. बहुतेक वेळ नुसती हिरवी गर्दी दिसते. मात्र बस एका विशिष्ट जागी आली की अचानक ओळी उघडतात, थेट बांधापर्यंत नजर जाते आणि क्षणात पुन्हा मिटतात. ओळी कोणत्या कोनात उघडतील हे त्यांच्यातल्या अंतरावर ठरते. स्फटिकातले अणूही असेच ओळीत उभे असतात. क्ष-किरण त्यांच्यावर सोडले तर काही ठराविक कोनांतच ते जोरकसपणे परततात. कोन आडवा आणि तीव्रता उभी मांडली, की आलेखावर एकामागून एक टोके उभी राहतात. दाबामुळे ओळींमधले अंतर कमी झाले की टोक सरकते, ताण सगळीकडे सारखा नसला की ते रुंदावते, आणि ओळीच मोडल्या की ते खचते. पुस्तकात त्यांना शिखरे म्हणतात. प्रयोगशाळेत कोणीही शिखर म्हणत नाही. सगळे 'पीक' म्हणतात, इंग्रजी उच्चाराने. शेतकऱ्याच्या घरी या शब्दाने काय गोंधळ होईल, याचा विचार इंग्रजीने केलेला नाही.

त्या वर्षी माझे सगळे एकाच गोष्टीवर अवलंबून होते. इंदूरला एक प्रचंड यंत्र आहे. त्याचे क्ष-किरण आमच्या विद्यापीठातल्या किरणांपेक्षा इतके प्रखर असतात, की दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये चिमटलेला, मोहरीहूनही बारीक नमुना दाब वाढत असतानाच वाचता येतो. त्यावर वेळ मिळवण्यासाठी देशभरातून अर्ज जातात. माझ्या शिष्यवृत्तीच्या मुदतीत मला अशी संधी एकदाच मिळू शकत होती. ती मिळाली तर माझा प्रबंध बाहेरच्या जगात उभा राहील, नाही मिळाली तर तो विद्यापीठाच्या कपाटात राहील, असे मी स्वतःला बजावले होते. यात अतिशयोक्ती फारशी नव्हती.

दगड मला घरीच मिळाला होता. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आबांनी विहीर खोल करायला घेतली. सुरुंग लावले, क्रेनने मलबा वर काढणे सुरू झाले, आणि काळ्या कातळाच्या एका मोठ्या तुकड्यात पोकळी निघाली. तिच्या आत स्फटिकांचे झुबके होते, मध्यभागी आवळलेल्या गव्हाच्या पेंढीसारखे, पांढरे आणि कुठे कुठे पिकल्या पेरूच्या गरासारखी झाक असलेले. मी सुट्टीसाठी आले होते. ओळखायला क्षण लागला नाही. हा स्टिलबाइट, झिओलाइट वर्गातला दगड. त्याच्या आत अणूंच्या चौकटीत सूक्ष्म बोगदे असतात आणि त्या बोगद्यांत पाणी राहते. ओला दिसत नाही, पण पोटात पाणी बाळगून असतो. अशा पोकळ चौकटीवर दाब आला तर ती वाकेल, की कोसळेल, की नवी रचना धारण करेल? प्रबंधाचा विषय मला विहिरीच्या काठावर उकिडवे बसून मिळाला.

त्याच दिवशी विहिरीच्या तळाशी झराही लागला. या दोन घटनांचा अर्थ मी आणि माझी आई, जिला आम्ही माय म्हणतो, वेगवेगळ्या तऱ्हेने लावला. आमच्याकडे पाण्याच्या सात बहिणी असतात, साती आसरा. त्यांना मूर्ती नसते. विहिरीच्या काठाला शेंदूर लावलेले सात दगड मांडले की त्या आल्या. आमच्या विहिरीवर साधे काळे गोटे होते. मायने ते सन्मानाने बाजूला ठेवले आणि पोकळीतले सात झुबके निवडून त्यांच्या जागी बसवले. सर्वांत मोठा नारळाएवढा होता. उरलेल्यांतले काही मी एका डब्यात भरून जळगावला नेले. बाकीचे मायने गोठ्याच्या फळीवर ठेवले.

विद्यापीठात मी आधी न दाबलेल्या दगडाची पूड करून तिचा आलेख काढला. पुस्तकाशी तो तंतोतंत जुळला. मग दाबाच्या प्रयोगांची जुळवाजुळव सुरू झाली. पुडीची गोळी करायची, हातपंपाच्या यंत्रात दाबायची, बाहेर काढून क्ष-किरणांखाली ठेवायची. नवख्या हातांनी खूप दगड वाया जातो. यंत्राशी जुळवून घेईपर्यंत माझा डबा संपला. मी घरी फोन केला आणि काही दिवसांनी आबा दुसरा डबा घेऊन जळगावला आले. त्यांना पाण्याच्या मोटरीचा एक सुटा भाग हवा होता, तेवढ्यात माझेही काम झाले.

डबा उघडून त्यांनी एक झुबका बोटांत फिरवला. "आना बी भुगाच करशी ना?"

"हो."

"तुन्ही मायले सांगू नको. तिले वाटस तू फक्त फोटो काढस."

दुसऱ्या डब्यातला दगड पहिल्यापेक्षा किंचित अधिक गुलाबी होता. त्यात नवल काही नव्हते, लोहाच्या अंशाने या दगडाला अशी झाक येते, हे पाठ्यपुस्तकातही आहे. मी पूड केली, दाबली, आलेख काढला. आणि तिथे तीन नवे पीक उभे होते.

आमच्या मार्गदर्शक मॅडम कमी बोलतात आणि उभ्यानेच बोलतात. त्यांनी आलेख खिडकीपाशी नेला. "नवीन पीक दिसले की आधी शंका घ्यायची, पेढे नंतर," त्या म्हणाल्या. "पुन्हा करा."

मी पुन्हा केले, अनेकदा केले. दाब वाढवत नेला तसे जुने पीक रुंद होत गेले, ते अपेक्षितच होते, पण तीन नवे पीक दर वेळी हजर होते. या सगळ्याचा अर्थ एकच दिसत होता: दाबाखाली दगडाचा काही भाग नवीन रचनेत गेला आहे आणि दाब काढल्यावरही परतलेला नाही. अशी रचना या दगडात कोणी नोंदवल्याचे आम्हांला सापडत नव्हते. संगणकात ज्ञात पदार्थांचे मोठे भांडार असते, त्याच्याशी आलेख जुळवून पाहण्याची सोय असते. त्या भांडाराने पहिल्याच फेरीत शिशाच्या एका ऑक्साइडचे नाव वर आणले. आमच्या शेतातल्या कातळात शिसे कुठून येणार? मी पडद्यावरची मूलद्रव्यांची चौकट उघडली, दगडात असू शकतील तेवढीच निवडली, कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन, ऑक्सिजन, हायड्रोजन, आणि शोध पुन्हा चालवला. शिसे यादीतून गेले. तीन पीक निनावी राहिले. ही पद्धत सर्वमान्य आहे. मॅडमनीही तेच केले असते, असे त्या नंतर म्हणाल्या.

त्या निनावी पिकांच्या बळावर इंदूरला अर्ज गेला आणि मंजूर झाला. मी घरी फोन लावला. आनंदात माणूस शब्द तपासत नाही.

"आबा, तीन नवीन पीक आले आहेत! त्यामुळेच इंदूरला बोलावलंय."

 पलीकडून आबांचा आवाज, अत्यंत गंभीर. "पेरं कोनी?"

"कोणी नाही. आपोआप आले."

"न पेरता पीक उनं?" आणि लांबवर कोणाला तरी, बहुधा मायला तिच्या लेकीबद्दल, "आयकं का वं, तुन्ही आंडेरना शेतमजार न पेरता पीक येस! आपला बठ्ठा बी-बियानंना खर्च फुकट गया!"

मागून मायचे हसू ऐकू आले. मीही हसले. इंदूरची तारीख हिवाळ्यातली होती, त्याआधी मी घरी जाऊन यायचे ठरवले.

गाडीने शिंदखेड्याला उतरले तेव्हा मळ्यात वेचणी चालू होती. पावसाळा चांगला झाला होता. विहीर अर्ध्याहून वर भरली होती आणि पोकळीची जागा पाण्याखाली खोल गेली होती. मायने मला आधी तिकडेच नेले. पोरगी मोठ्या कामाला निघाली आहे, आसरांना सांगायला हवे, एवढा सरळ हिशेब. तिने वाटीत शेंदूर तेलात कालवला आणि अंगठ्याने सातही दगडांना बोटे ओढली. गुलाबी-पांढऱ्या स्फटिकांवर तो नारिंगी रंग फार उठून दिसत होता. मी हात जोडून उभी होते आणि मनात सवयीने विश्लेषण चालले होते. तेल पानापानांच्या फटींत उतरते, या दगडाला सहज सुटणारे पापुद्रे असतात.

"तुन्हा डबामजारला दगडसले बी लायेल व्हता," माय सहज म्हणाली. "मंग पुशी टाका. तू चिडशी म्हनीसन."

मी तिच्या अंगठ्याकडे पाहिले.

शेंदूर म्हणजे काय, हे मला नववीपासून माहीत होते. शिशाचे ऑक्साइड. सगळाच शेंदूर आता तसा नसतो, स्वस्त रंगही त्या नावाने विकले जातात. पण माय शेंदूर घ्यायची तो धुळ्याच्या एका जुन्या दुकानातून, तिच्या सासूच्या वेळेपासूनचा, 'असली' म्हणून जास्त पैसे देऊन. आणि शिसे क्ष-किरणांना इतक्या जोराने परतवते, की पुडीत चिमूटभर असले तरी ते बाकीच्यांच्या वरचढ बोलते.

"काबरं लाया?" मी विचारले. माझा आवाज शक्य तितका साधा होता.

"फुटाले जाई ऱ्हायनात ना त्या. तुन्हा बापनी सांगं माले, भुगा करस म्हनीसन. आसरास्ना घरना दगड, त्यास्ले न इचारता फोडाले कसा देऊ?" मग माझा चेहरा बघून, "काय बिघडनं का?"

आबांनी जळगावात जी गोष्ट मला लपवायला सांगितली होती, ती डबा भरतानाच त्यांनी स्वतः तिला सांगून टाकली होती. यावर एरवी मी त्यांची खूप चेष्टा केली असती.

"माहीत नाही अजून," मी म्हणाले. ते अक्षरशः खरे होते. न मोजलेले मला माहीत नसते. पण मायने अंगठा पदराला पुसायला सुरुवात केली होती आणि तो पुसलाच जात नव्हता, हेही मी पाहत होते.

जळगावला परतल्यावर दुसऱ्या डब्यातला न दाबलेला झुबका घेतला, पूड केली आणि आलेख काढला. हे आधी करणे आवश्यक होते, पण एकाच पोकळीतला दगड पुन्हा मोजावा असे मॅडमना किंवा मला वाटले नव्हते. पडद्यावर रेघ डावीकडून उजवीकडे सरकत होती. पहिला पीक आला. दुसरा आला. तिसरा येण्याची मी वाट पाहिली नाही, मॅडमना बोलवायला गेले.

मॅडमनी मूलद्रव्यांच्या चौकटीत शिसे परत घातले. भांडाराने तत्काळ नाव दिले.  त्या खुर्चीत बसल्या, जे त्या करत नाहीत.

"शेंदूर," त्या म्हणाल्या. "आपण दोघी महिनोन् महिने शेंदूर मोजत होतो." आणि एकाएकी हसू लागल्या, इतक्या की चष्मा काढावा लागला. "माझी सासू अंमळनेरची. तिने तर यंत्रालाच लावला असता!"

मला हसू आले नाही. मी विचारले, "इंदूरचे काय?"

त्यांनी चष्मा घातला. "कळवायचे. आजच. अर्ज ज्या कारणाने मंजूर झाला ते कारण उरलेले नाही. वेळ काढून घेतली तर काढून घेतली."

पत्र मीच लिहिले. नवी रचना नाही, भेसळ होती, भेसळीचे कारण समजले आहे. प्रश्न मात्र शिल्लक आहे: पाणी बाळगणारी ही चौकट दाबाखाली कशी वाकते, आणि भोवती पाणी असेल तर वेगळी वाकते का? यासाठी तीच वेळ राहू द्यावी, ही विनंती. भेसळ कुठून आली, याचा तपशील मॅडमनी पत्रातून काढून टाकला. "'रेड लेड' एवढे शेंदराचे इंग्रजी नाव पुरे," त्या म्हणाल्या. "आईंना त्यात ओढायचे कारण नाही." त्यांच्याविषयी मला जे वाटते त्याची सुरुवात बहुधा त्या वाक्यापासून होते.

उत्तर चार ओळींचे आले. वेळापत्रक ठरून गेले असल्याने वेळ तूर्त आमचीच राहील, पण स्वच्छ, न दाबलेल्या नमुन्याचा आलेख आधी पाठवायचा. तो न पोहोचल्यास वेळ प्रतीक्षायादीतल्या पुढच्या गटाला जाईल.

स्वच्छ नमुना. मी बसून एकेक शक्यता खोडत गेले. पहिला डबा संपलेला. दुसऱ्या डब्यातले झुबके लहान, तेल त्यांच्या पापुद्र्यांत आरपार गेलेले, धुऊन पाहिले तरी तिन्ही पीक जागच्या जागी. गोठ्याच्या फळीवर काही उरले नव्हते. पोकळीची जागा पाण्याखाली. दुसऱ्या ठिकाणचा दगड चालला असता, पण त्याची घडण निराळी, सगळी पूर्वतयारी नव्याने करावी लागली असती आणि तेवढा काळ नव्हता. शेवटी एकच शक्यता उरली. तेल खोल उतरते, पण किती खोल? नारळाएवढ्या झुबक्याच्या गाभ्यापर्यंत नक्कीच नाही. त्याचे बाहेरचे पापुद्रे पात्याने सोलून काढले तर आतला भाग कोरा असणार.

तो झुबका विहिरीवर होता. सात बहिणींतली थोरली.

मी घरी गेले. फोनवर मागण्यासारखी ही गोष्ट नव्हती. ओसरीवर दोघे कापसातली काडी-पाचोळा निवडत बसले होते. मीही बसले, हात चालवत सगळे क्रमाने सांगितले: तीन पीक कसे दिसले, इंदूरला त्यामुळे बोलावणे कसे आले, ते पीक कशाचे निघाले, आता काय हवे आहे. काही गाळले नाही. मायपासून सत्य लपवणे म्हणजे तिला लहान लेखणे, असे मी प्रवासात ठरवले होते. तरी सांगताना तिच्याकडे न बघता कापसाकडेच बघत होते.

 मग माय म्हणाली, "म्हंजे ते पीक मन्हं व्हतं?"

"हो."

"मी इचारं व्हतं!" आबा एकदम ताठ झाले. "पहिलाच दिन इचारं व्हतं, पेरं कोनी! एवढं शिकेल बाया, पन कोनी जबाब दिधा का?"

मायने त्यांच्यावर कापसाचा बोळा भिरकावला. तो अर्ध्यातच पडला. मला हसू फुटले, मग तिलाही, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. ते मी पाहिले हे तिने पाहिले.

"मन्हामुळे तुन्हं इंदूर जाई का?"

"थोरली दिलीस तर नाही जाणार."

"तिले फोडशी?"

"सोलीन. आतला तुकडा घेईन. बाकीचा परत आणीन, शब्द देते."

माय उठली आणि विहिरीकडे चालू लागली. आम्ही मागे गेलो. थोरलीसमोर ती बसली, सवयीने हात बाजूला गेला, वाटी शोधू लागला. वाटी घरी होती. तिने हात मागे घेतला.

"हयद चाली का?"

"नको. हळदही नको, पाणीही नको. काहीच लावायचं नाही."

"नुसता हात जोडा ते तुन्ही मशीनमजार दिसस का?"

मी खरोखर विचार केला. "नाही. ते नाही दिसत."

"मंग जोडसू."

ती डोळे मिटून काय बोलली ते मला ऐकू आले नाही. ओठ पुष्कळ वेळ हलत होते. मग दोन्ही हातांनी दगड उचलून माझ्या हातात दिला. त्याच्या खाली जमिनीवर एक फिका गोल राहिला. मायने बाजूला ठेवलेल्या जुन्या काळ्या गोट्यांतला एक आबांनी आणून त्या जागी ठेवला. "बदली माणूस," ते म्हणाले.

जळगावात मी तो झुबका पापुद्रा पापुद्रा सोलला. बाहेरचे थर नारिंगी, मग फिकट, मग पेरूच्या गराचा रंग, आणि अगदी आत लख्ख पांढरे. पांढऱ्यातला नखाएवढा तुकडा मी पूड करून यंत्रात ठेवला. जिथे ते तीन पीक असायचे तिथे रेघ सपाट गेली. ज्या पिकांसाठी मी घरी आनंदाने फोन केला होता, ते नाहीत हे पाहून मी सुटकेचा श्वास सोडला. आलेख इंदूरला गेला, पोच आली.

धुळ्याहून इंदूरची बस पकडली तेव्हा पिशवीत हिऱ्यांची डबी होती, पांढऱ्या पुडीची एक बारीक कुपी आणि माघारी न्यायची थोरली. तिथे काय झाले ते थोडक्यात सांगता येते. नवी रचना आली नाही. दाब चढत गेला तसे पीक सरकले, रुंदावले, एकेक करून खचले, आणि शेवटी दगड नुसता विस्कळीत पदार्थ उरला. मात्र हिऱ्यांमध्ये नमुन्याभोवती तेल भरले तेव्हा तो लवकर आकसला, आणि पाणीमिश्रित द्रव भरला तेव्हा त्याने दाबाला अधिक काळ तोंड दिले. पाणी आत शिरून चौकटीला आतून आधार देते, असा अर्थ आम्ही लावला आहे. यावर शोधनिबंध होईल. मी ज्याची स्वप्ने पाहिली होती तो हा नव्हे, पण यातला प्रत्येक पीक कुठून आला हे मला माहीत आहे.

परतताना धुळ्याला उतरून मी थेट शिंदखेड्याची गाडी धरली. थोरलीचा उरलेला भाग फडक्यात गुंडाळलेला होता, एका बाजूने सोललेला, त्या बाजूला पांढरा. मायने तो उलटसुलट करून पाहिला.

"टिकनी का मन्ही थोरली?"

"पाण्यात टिकली. बराच वेळ."

तिने मान हलवली, जणू एखाद्या पोरीचा परीक्षेचा निकाल ऐकत होती. बदली माणसाला उचलून जुन्या गोट्यांत ठेवले आणि थोरलीला तिच्या जागी बसवले, सोललेली बाजू विहिरीकडे. वाटी या वेळी बरोबर होती. तिने अंगठा शेंदरात बुडवला, दगडापर्यंत नेला आणि तिथे थांबली. माझ्याकडे पाहिले.

"आते लावू का?"

या पुडीशी माझे काम संपले होते, पण त्या अंगठ्याशी नव्हते. हाच अंगठा थोड्या वेळाने भाकरीच्या पिठात जाणार होता, आणि त्यावर पोटात जाऊ नये असे शिसे आहे हे आता मला आलेखावरून माहीत होते.

"लाव," मी म्हणाले. "पण मग साबणाने हात धू. नीट."

"एवढं मोठं इंदूर देखीसन उनी," माय आबांना म्हणाली, "आन माले हात धवाले शिकाडस." तिने थोरलीला ठसठशीत बोट ओढले आणि पंपाच्या नळाकडे गेली.